मालमोटारीचे मागील दिवे: दोष कसा शोधावा व दुरुस्ती कशी करावी

दिवाळी सरतांच आपल्या बीड जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील साखर कारखान्यांकडे निघतात. ज्या शेतकरी बंधूंनीं जुनी मालमोटार बाळगिली आहे, ते ती या हंगामांत वाहतुकीस लावतात. गाडीवर संसार लादलेला, वर बायकामुलें बसलेलीं, आणि प्रवास पुष्कळदां रात्रींचा. मांजरसुंब्याच्या घाटांत भरलेली गाडी सावकाश चढत असतां मागून येणाऱ्या वाहनास तिची वर्दी देणारे तिचे दोन तांबडे दिवेच होत. ते विझलेले असल्यास काय ओढवतें, हें सांगावयास नको. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें हे दिवे मागून 155 मीटरांवरून, म्हणजे सुमारें 500 फुटांवरून, दिसले पाहिजेत.

दिवा बंद पडला कीं बल्ब बदलावा, अशी सर्वत्र चाल आहे. परंतु जुन्या गाडींत दोष बल्बांत नसून बहुधा गंजलेल्या सांध्यांत असतो. यास्तव प्रथम लक्षणें पहावींत. एकच दिवा बंद असेल तर त्याचा बल्ब, होल्डर व अर्थ तपासावा. दोनही बंद असून ब्रेकचा दिवा लागत असेल तर फ्यूज, बटन किंवा पुढून येणारी तार पहावी. ब्रेक दाबतांच मागील दिवा मंद होत असेल किंवा भलताच दिवा लुकलुकत असेल, तर अर्थ सुटला आहे असें बहुतेक समजावें.

बल्ब घेतांना व्होल्ट पहावे. मोठ्या मालमोटारी बहुधा 24 व्होल्टच्या व ट्रॅक्टर 12 व्होल्टचे असतात. 12 चा बल्ब 24 वर तत्काळ जळतो. 24 चा 12 वर मंद जळतो. ब्रेक व मागील दिवा एकाच बल्बांत असल्यास त्यांत दोन तारा असतात, 21 वॅटची ब्रेकसाठीं व 5 वॅटची नेहमींसाठीं. त्याच्या खुंट्या वरखालीं असतात. तो बळजबरीनें उलटा बसवूं नये.

अर्थाची परीक्षा सोपी आहे. दिवा चालू ठेवून त्याच्या पत्र्यापासून चासीच्या स्वच्छ घासलेल्या लोखंडापर्यंत एक सुटी तार धरावी. दिवा लागला तर दोष अर्थाचाच. तेथील गंज व रंग खरवडून लोखंड चकचकीत करावें, बोल्ट घट्ट आवळावा व वरून ग्रीस लावावें.

अर्थ ठीक असल्यास टेस्टलॅम्पचें एक टोक चासीस लावावें व दुसऱ्यानें फ्यूजपासून मागें एकेक सांधा तपासीत जावें. जेथपर्यंत टेस्टलॅम्प लागतो व जेथून लागत नाहीं, त्या दोहोंमध्यें तार तुटलेली असते. चासीच्या भोकाची कड, धुराड्याची नळी व बॉडी बांधतांना केलेले सांधे या जागा विशेष पहाव्यात.

दुरुस्तीपूर्वी बॅटरीची तार सोडावी. कुजलेला भाग कापून तितक्याच जाडीची नवी तार जोडावी, सांध्यास कथलाचा डाक द्यावा व टेप गुंडाळावी. नुसता पीळ दिलेला सांधा हादऱ्यानें सुटतो. भोकांत रबरी कडें बसवावें. फ्यूज उडाल्यास त्या जागीं तांब्याची तार कदापि घालूं नये. तारेंत दोष असल्यास ती तापून पेट घेते, आणि भोंवतीं सुकें पाचट असतें हें विसरूं नये.

शेवटीं, टोळी निघण्यापूर्वी अंधार पडल्यावर एकानें ब्रेक दाबावा व धन्यानें स्वतः 500 फूट मागें जाऊन पहावें. ऊस किंवा सामान दिव्यावर लोंबत असेल तर चांगली वायरिंगही व्यर्थ आहे. तसेंच मागें तांबडे परावर्तक अवश्य लावावेत. त्यांस वीज लागत नाहीं, आणि गाडी वाटेंत बंद पडली तरी मागील वाहनाच्या उजेडांत ते चमकतात.