शुद्धिपत्रासह मंजूर

ठाण्याच्या वागळे इस्टेटीत, म्हणजे 1962 साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी एकीत, डोंबिवलीहून सकाळच्या लोकलने लोंबकळत येऊन रुजू होणाऱ्या तंत्रज्ञास रेझिस्टरच्या अंगावरील शेवटचा पट्टा वाचता येणे आवश्यक असते. तो सोनेरी असल्यास अंकित मूल्यात 5 टक्के आणि रुपेरी असल्यास 10 टक्के इकडेतिकडे होईल, असा तो पट्टा म्हणजे उत्पादकाचा कबुलीजबाबच होय. 10, 12, 15, 18, 22 अशी विचित्र वाटणारी श्रेणीही त्यातूनच आली; 10 टक्क्यांच्या मर्यादा एकमेकींना इतक्या खेटून ठेवल्या आहेत, की तयार झालेला जवळजवळ प्रत्येक नग कोणत्या ना कोणत्या कप्प्यात बिनतक्रार दाखल होतो.

याहून धीट हिशेब 1982 साली निघालेल्या सिंक्लेअर स्पेक्ट्रम संगणकात झाला. त्याचीच परवाना घेऊन काढलेली आवृत्ती पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने भारतात आणली. त्याच्या 48 केबीच्या प्रकारात वरची 32 केबी स्मृती ज्या आठ चिपा पुरवीत, त्या वस्तुतः 64 किलोबिटच्या, परंतु निम्म्या भागात सदोष ठरलेल्या असत. कोणता अर्धा शाबूत आहे हे त्यांच्या क्रमांकावरून ओळखून बोर्डावर त्याप्रमाणे तारेचा एक तुकडा जोडीत. आपल्या खिशातील पेनड्राइव्हची चिपही कारखान्यातून बहुधा काही निकामी कप्प्यांसह बाहेर पडते; त्यांवर खूण केलेली असल्याने नियंत्रक तेथे एक अक्षरही लिहीत नाही.

दोष जाहीर असला की तो गुणधर्म ठरतो. दडवला की काय होते, ते 1994 साली इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरने दाखविले. भागाकाराच्या कोष्टकातील काही नोंदी सुटल्याचे इंटेलला आधीच उमगले होते. परंतु अमेरिकेतील थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकाने चूक उघड केली, आणि अखेरीस कंपनीला 47 कोटी 50 लाख डॉलरांची तोशीस पडली.

आपल्या ग्रंथांच्या शेवटी शुद्धिपत्र असते, तसे चिपेलाही असते, आणि ते वाचक जितक्या तत्परतेने टाळतो तितक्याच तत्परतेने नवखा अभियंताही टाळतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या एका मायक्रोकंट्रोलरवर पाण्याच्या टाकीची पातळी मोजताना मीही दोन रात्री घालविल्या. संदर्भव्होल्टेज बदलल्यानंतरचे पहिले वाचन चुकीचे येऊ शकते, हे माहितीपत्रकात छापलेलेच होते. शेजारच्या टेबलावरील बुजुर्ग सहकाऱ्याने माझ्या प्रोग्रामात एक ओळ वाढविली आणि बाजूला देवनागरीत शेरा मारला: ‘पहिले वाचन टाकणे.’