जमिनीचा भाव ‘वाढला’ म्हणजे नेमकं काय? हिंगोलीच्या उदाहरणातून किंमत मोजायला शिकूया



“आमच्याकडं जमिनीचे भाव लय वाढलेत” हे वाक्य सेनगावपासून वसमतपर्यंत कुठंही ऐकायला मिळेल. पण पीएचडीच्या मुलाखतीत तुम्ही हाच विषय मांडलात, तर समोरून पहिला प्रश्न येईल: “कोणता भाव?” कारण एकाच शेताला निदान तीन किमती असतात. त्या वेगळ्या करता आल्या, तर तुमचा अर्धा संशोधन आराखडा तयार झाला असं समजा.

हिंगोलीच का?

शेती आणि जनावरांवर चालणारा हा जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. तालुके पाचच, पण जमिनीत फरक मोठा. वसमतकडं पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याचं पाणी, ऊस आणि हळद. दुसरीकडं पावसावर अवलंबून असलेलं सोयाबीन आणि तूर. त्यात औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला लायगो-इंडिया प्रकल्प येतोय. त्याच्या 2,600 कोटींच्या खर्चाला केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली. नियोजित नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या जिल्ह्यांतही हिंगोली आहे, आणि त्याला शेतकऱ्यांचा विरोधही आहे. म्हणजे पाणी, पीक, प्रकल्प आणि रस्ता ही भाव बदलण्याची चारही कारणं एकाच जिल्ह्यात सापडतात.

एक शेत, तीन किमती

1. रेडीरेकनरचा दर: नोंदणी व मुद्रांक विभाग ठरवतो तो. सर्वसाधारणपणे दरवर्षी 1 एप्रिलला लागू होतो.
2. खरेदीखतातली किंमत: कागदावर लिहिलेली.
3. प्रत्यक्ष दिलेली किंमत: बैठकीत ठरलेली. तिचा काही भाग अनेकदा रोखीत जातो.

आता गंमत बघा. मुद्रांक शुल्क पहिल्या दोनपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर लागतं. त्यामुळं कागदावर रेडीरेकनरच्या आसपासचा आकडा लिहायची सवय पडते. तुम्ही दहा वर्षांचे दस्त गोळा करून आलेख काढलात, तर त्यात बाजार कमी आणि सरकारी दरवाढ जास्त दिसण्याची शक्यता असते. 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही वर्षी राज्यात रेडीरेकनरचे दर वाढवले नव्हते. त्या काळात दस्तांचा आलेख सपाट दिसला म्हणून बाजार थांबला होता, असा निष्कर्ष काढता येणार नाही.

हा फक्त आकडेवारीचा प्रश्न नाही

2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 26 नुसार बाजारमूल्य ठरवताना रेडीरेकनर आणि परिसरातल्या मागच्या तीन वर्षांच्या तशाच जमिनीच्या खरेदीखतांची सरासरी यांची तुलना होते. सरासरी सगळ्या खतांची नाही, जास्त किमतीच्या निम्म्या खतांची. जो आकडा मोठा तो धरायचा (संमतीनं रक्कम ठरली असेल तर तीही तुलनेत येते). त्याला ग्रामीण भागात 1 ते 2 चा गुणक लागतो आणि वर 100 टक्के दिलासा रक्कम.

समजा, एकरी खरा भाव 15 लाख आहे, पण गावातली खतं 6 लाखांची आहेत. गुणक 1 धरला तर मोबदला 6 + 6 म्हणजे 12 लाख. खतं खरी असती तर 30 लाख. शुल्क वाचलं घेणाऱ्याचं. पण नुकसान होणार त्या शेजाऱ्याचं, ज्यानं कधी गुंठाभरही विकला नाही. म्हणून ‘कागदावरची किंमत कमी का?’ हा प्रश्न गौण समजू नका.

भावात उत्पन्न किती, अपेक्षा किती?

यासाठी एक सोपी कसोटी आहे. जमीन वर्षाला ठोक्यानं कितीला जाते ते विचारा आणि त्या रकमेला व्याजदरानं भागा. समजा, ठोका एकरी 20,000 रुपये आणि व्याजदर 5 टक्के. शेतीच्या उत्पन्नावर आधारलेली किंमत येते 4 लाख. भाव 15 लाख असेल तर उरलेले 11 लाख रस्त्याचे, प्लॉटिंगचे, प्रतिष्ठेचे किंवा पैसा सुरक्षित ठेवण्याचे. गणित ढोबळ आहे, पण वसमतच्या बागायतीत आणि रस्त्याकडेच्या जिरायतीत हा फरक किती पडतो, एवढ्यावरही चांगलं प्रकरण लिहिता येईल.

ज्याला भावच नाही ती जमीन

इथंच बहुतेक प्रबंध जनावरांना विसरतात. गायरान विकलं जात नाही, म्हणून त्याची किंमत कोणत्याच दस्तात नाही. सार्वजनिक जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग निकाल 2011 चा. त्याच वर्षी महाराष्ट्रानंही गायरान वाटपावर निर्बंध घातले. पण लाल कंधारी गाय सांभाळणाऱ्याला विचारा: पडीक वहितीखाली आलं, ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, की चराई जाते आणि कडबाही जातो. ज्याच्याकडं जमीन आहे त्याची मालमत्ता वाढते. ज्याच्याकडं फक्त जनावरं आहेत त्याचा खर्च वाढतो. तुमच्या सारणीत कडब्याच्या भावाचा रकाना नसेल, तर हा माणूस तुमच्या अभ्यासात नाहीच.

सुरुवात करताना एवढं तपासा

- एकक एकच ठेवा: 40 गुंठे म्हणजे 1 एकर, 1 हेक्टर म्हणजे साधारण 2.47 एकर. पोटखराबा वेगळा काढा.
- जिरायत आणि बागायतीची एकत्र सरासरी काढू नका.
- महागाई वजा करा, नाहीतर प्रत्येक भाव ‘वाढलेला’च दिसेल.
- 1999 च्या आधीची जिल्हा आकडेवारी परभणीच्या नावावर आहे; तालुक्यानुसार जुळवा.
- प्रकल्पाचा परिणाम बघायचा असेल तर जवळची आणि लांबची गावं, घोषणेआधी आणि नंतर, अशी चौकोनी तुलना करा. नुसतं ‘नंतर’ बघून काही सिद्ध होत नाही.
- खरा भाव विचारताना गट नंबर आणि नाव लिहू नका. “साधारण किती ते कितीच्या दरम्यान?” असं विचारा. माणूस तुमच्यावर विश्वास ठेवून सांगतोय, त्याची नोंद त्याच्यावरच उलटायला नको.

या आठवड्याचा सराव: तुमच्या ओळखीचं एक गाव घ्या. रेडीरेकनर, खरेदीखत, प्रत्यक्ष भाव आणि वर्षाचा ठोका असे चार रकाने करा आणि पाचच व्यवहार भरा. पहिल्या तीन रकान्यांत जिथं सगळ्यात जास्त अंतर पडेल, तिथं ‘का?’ लिहा. तुमचा संशोधन प्रश्न बहुधा तिथंच सापडेल.