सत्रापुरता दादा

हैदराबादच्या वायव्येकडील कुकटपल्लीत जवाहरलाल नेहरू तंत्रज्ञान विद्यापीठाचे आवार, गृहनिर्माण मंडळाची केपीएचबी या आद्याक्षरांनीच ओळखली जाणारी वसाहत, शिकवणी वर्गांच्या आणि वसतिगृहांच्या पाट्यांनी झाकलेल्या इमारती, आणि त्या इमारती बांधणाऱ्या, तेथे धुणीभांडी करणाऱ्या किंवा बाळानगर-सनतनगरच्या कारखान्यांत राबणाऱ्या कुटुंबांच्या वस्त्या एकमेकांना खेटून उभ्या आहेत. तेलंगणाची अभियांत्रिकी प्रवेश परीक्षा घेणारे विद्यापीठ ज्या भागात आहे, तेथील वस्तीतल्या दहावीच्या मुलाला त्या परीक्षेपर्यंत जाणारी वाट ठाऊक नसावी, याचा उलगडा केवळ दारिद्र्याने होत नाही. पैशांइतकीच तूट माहितीची असते, आणि ती भरून काढण्याचा मनोदय अलीकडे अनेक महाविद्यालयीन विद्यार्थी बोलून दाखवतात.

या मनोदयात मार्गदर्शक, म्हणजे ज्याला सर्रास मेंटॉर म्हटले जाते तो, आणि शिकवणीचा मास्तर यांची बहुधा गल्लत होते. मास्तर धडा पुरा करतो. मार्गदर्शकाने द्यायचे असते ते फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी सांस्कृतिक भांडवल म्हणून वर्णिलेले संचित, म्हणजे शिकलेल्या घरातील मुलांना न मागता मिळणारी माहिती, रीतभात आणि धिटाई. दहावीनंतर दोन वर्षांचे इंटर करावे, पॉलिसेट ही प्रवेश परीक्षा देऊन पदविकेला जावे की आयटीआय गाठावे, आणि शिष्यवृत्तीसाठी जातीचा व उत्पन्नाचा दाखला मीसेवा या सरकारी सेवा केंद्रातून केव्हा काढून ठेवावा, हे सांगणारे वस्तीतल्या घरात कोणी नसते. तेलुगू रीतीत आडनाव आधी आणि तेही बहुधा आद्याक्षरापुरते येते, तर ओडिशातून किंवा महाराष्ट्रातून आलेल्या मुलाचे शेवटी; त्यामुळे दाखल्यावरचे नाव आणि गुणपत्रिकेवरचे नाव जुळत नाही व अर्ज अडकतो. नांदेडकरांना सरस्वतीच्या देवळामुळे परिचित असलेल्या बासरला २००८ पासून एक तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, तेथे दहावीच्या गुणांवरच सहा वर्षांच्या एकात्म अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो आणि सरकारी शाळेतील मुलांना झुकते माप दिले जाते. ही एवढीशी गोष्ट वेळेवर कळली, तर तिचे मोल बीजगणिताच्या दहा तासांहून अधिक ठरते.

मात्र माहिती देणारा टिकला पाहिजे, आणि येथेच विद्यार्थ्याच्या उत्साहाची खरी कसोटी लागते. अमेरिकेत १९०४ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स या नावाने देशभर पसरलेल्या उपक्रमातील अकराशेहून अधिक मुलांची माहिती तपासून जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ मध्ये असे दाखवले की, वर्षभर किंवा अधिक टिकलेल्या नात्यांतून मुलांना सर्वाधिक लाभ झाला, तर तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या नात्यांनंतर त्यांचा स्वतःविषयीचा विश्वास पूर्वीपेक्षाही खालावला. अर्धवट सुटलेले मार्गदर्शन निरुपद्रवी असते, ही समजूत म्हणूनच सोडावी लागते. अमेरिकेतील निष्कर्ष जसाच्या तसा येथे लावता येणार नाही हे खरे; पण ज्या मुलाचे घरच बांधकामाच्या जागेबरोबर हलते, त्याला आणखी एक माणूस निघून जाणे सोसते असे मानायलाही आधार नाही.

महाविद्यालयांची व्यवस्था मात्र तास मोजते. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, तर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या योजनेत पदवीच्या चार वर्षांत समाजोपयोगी कामाचे १०० गुण मिळवायचे असतात. या तासांचा आणि गुणांचा हिशेब विद्यार्थ्याच्या बाजूने असतो. मुलाच्या बाजूने त्याला अर्थ नाही.

टिकून राहण्याचा दाखला मात्र फार लांब शोधावा लागत नाही. शांता सिन्हा यांच्या एम. व्ही. फाउंडेशनने ज्या रंगारेड्डी जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास बालमजुरांना शाळेत आणण्याचे काम हाती घेतले, त्याच जिल्ह्यात कुकटपल्ली २०१६ पर्यंत मोडत होती. त्या कामाची भिस्त गावातल्याच शिकलेल्या तरुणांवर होती, जे संध्याकाळीही तेथेच भेटत आणि पुढल्या वर्षीही. विदर्भात राजू केंद्रे यांच्या एकलव्य इंडिया फाउंडेशनने घरातून पहिल्यांदाच उच्च शिक्षणाकडे वळणाऱ्या तरुणांना हाताशी धरले, तेथेही आदल्या वाटसरूने मागच्याला वाट दाखवण्याचीच रीत आहे.

कुकटपल्लीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून पहिल्या भेटीपूर्वी परीक्षांचे आठवडे, सुट्टीतले गावी जाणे आणि शेवटच्या वर्षाची नोकरीची धावपळ वजा करून बारा महिने उरतात का, ते पाहावे. उरत नसतील, तर निकालाच्या आठवड्यात मीसेवा केंद्राबाहेर बसून मुलांचे अर्ज भरून द्यावेत. तेही खरेच काम आहे, फक्त त्याला मार्गदर्शन म्हणू नये.