फाटक आणि तांबडा दिवा

चौकात तांबडा दिवा लागला की वाहनांची रांग मागे वाढत जाते, हे आपण सावेडीत नित्य पाहतो. परंतु चौकाजवळूनच लोहमार्ग जात असेल, तर त्या रांगेचे शेपूट थेट रुळांवर पोचते.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात फॉक्स रिव्हर ग्रोव्ह येथे ता. २५ ऑक्टोबर १९९५ रोजी शाळेची एक बस रूळ ओलांडून तांबड्या दिव्यापाशी थांबली. तिचा मागचा भाग मात्र आगगाडीच्या वाटेतच राहिला. धडक बसून सात विद्यार्थी मृत्यू पावले. गाडी येताच चौकातील दिवा हिरवा व्हावा, अशी योजना तेथे होती. तथापि तो हिरवा झाला तेव्हा अवघे काही सेकंद उरले होते.

वेगात असलेली आगगाडी ब्रेक लावल्यावरही शेकडो मीटर पुढे जाते. आपल्या दौंड–मनमाड मार्गावरील गाड्यांचीही गोष्ट हीच. म्हणून फाटक उघडे असले, तरी पलीकडे आपले संपूर्ण वाहन मावेल एवढी जागा दिसल्यावाचून रुळांवर जाऊ नये. मागच्याने कितीही भोंगा वाजविला तरी थांबावे. पालकांनी हा नियम स्वतः पाळावा. मुले तो पाहूनच शिकतील.