सिनेमा पाहायला ग्राफिक्स कार्ड हवंच का?

दिवाळीत घरी मोठा फोर-के टीव्ही येतो आणि मग कुणाला तरी आठवतं, की मुलाच्या खोलीत जुना कॉम्प्युटर नुसता पडून आहे. तो टीव्हीला जोडला तर हार्ड डिस्कवरचे सिनेमे, ताईच्या लग्नाची चित्रफीत, सहलीचे फोटो, सगळं दिवाणखान्यात बसून पाहता येईल! कल्पना छानच. पण दुकानात गेलं, की काउंटरपलीकडून प्रश्न येतो, ‘‘ग्राफिक्स कार्ड कोणतं टाकू?’’ टाकायचं की नाही, हे कुणी विचारतच नाही.

खरं तर बहुतेक घरांना त्याची गरज नसते.

फोर-केच्या एका चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख ठिपके असतात. सिनेमात अशी २४ चित्रं दर सेकंदाला पडद्यावर येतात. एवढा पसारा जसाच्या तसा साठवणं अशक्य, म्हणून साडीसारखी त्याची घडी घालून तो फाइलमध्ये ठेवतात. घडीच्या पद्धती ठरलेल्या आहेत : एच.२६४, तिच्यानंतरची एचईव्हीसी आणि अलीकडची एव्ही-वन. सिनेमा पाहताना ही घडी उलगडावी लागते. ते काम प्रोसेसरच्या मुख्य भागावर पडलं, तर तो धापा टाकतो आणि चित्र अडखळतं. पण बहुतेक प्रोसेसरांच्या पोटातच ग्राफिक्स असतं आणि त्यात केवळ घडी उलगडण्यासाठी एक छोटा भाग राखून ठेवलेला असतो. तो हे काम सहज करतो, वीजही फारशी खात नाही.

मेख एवढीच, की ती घडी त्याच्या ओळखीची हवी. फोर-के सिनेमांची दहा बिटांची एचईव्हीसी इंटेलच्या सातव्या पिढीपासून, म्हणजे २०१६-१७ पासून, नीट उलगडते. एव्ही-वनची सोय डेस्कटॉपवर अकराव्या पिढीत, २०२१मध्ये आली. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल, तर मात्र पोटात ग्राफिक्सच नसतं. २०२२पूर्वीच्या, नावात ‘जी’ नसलेल्या बहुतेक रायझन प्रोसेसरांचंही तेच. तिथे कार्डाला पर्याय नाही.

शंका असेल तर पैसे खर्च करण्याआधी घरीच पाहावं. फोर-के सिनेमा लावून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडावा. ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख हलतोय आणि प्रोसेसर निवांत आहे, तर काळजी नको. आलेख शून्यावर आणि प्रोसेसर शंभराला टेकलेला, तर घडी ओळखीची नाही.

कधी दोष केवळ जोडणीचा असतो. जुन्या मदरबोर्डवरचा एचडीएमआय १.४ फोर-केची सेकंदाला ३०च चित्रं पाठवतो. सिनेमाला ती पुरतात, क्रिकेटला नाही. मदरबोर्डवर डिस्प्लेपोर्ट असेल, तर योग्य अ‍ॅडॉप्टरने काम भागतं आणि तो कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

मुलांना नवे गेम खेळायचे असतील, किंवा जुने धूसर सिनेमे सॉफ्टवेअरने रेखीव करून पाहायची हौस असेल, तर कार्ड जरूर घ्यावं. पण स्वस्त दिसलं म्हणून कुठलंही उचलू नये. जीटी ७१०मध्ये एचईव्हीसीसाठी खास भागच नाही, तर जीटी १०३०ला एव्ही-वन येत नाही. शिवाय कार्डावर पंखा असेल, तर पडद्यावर नायिका हळुवारपणे काही सांगत असताना टीव्हीखालून त्याची घरघर ऐकू येते, ती वेगळीच!