पन्नास पानांच्या इडलीचे पीठ कशात आंबवाल?

बारशाच्या आदल्या रात्री आमच्या शेजारच्या वहिनींनी चार किलो डाळ-तांदूळ वाटून सगळे पीठ एकाच मोठ्या स्टीलच्या डब्यात भरले, वर चार बोटे जागा ठेवली, झाकण घट्ट बसवले आणि त्या निर्धास्त झोपल्या. पहाटे पाहतात तो झाकण एकीकडे आणि पीठ ओट्यावरून थेट फरशीवर! डब्यात उरले होते तेही आंबटढाण. पाहुणे नऊला यायचे होते. शेवटी पोह्यांवर वेळ मारून न्यावी लागली.

"प्रमाण तर नेहमीचंच होतं हो!" वहिनी हळहळल्या.

प्रमाण नेहमीचेच होते. चुकले ते भांडे.

घरच्या चौघांपुरते पीठ कोणत्याही पातेल्यात फुगते. मोठ्या बेताला मात्र आधी हिशेब हवा. डाळ-तांदूळ मिळून एक किलोच्या साधारण 50 मध्यम इडल्या होतात. पन्नास माणसांना प्रत्येकी चार धरल्या, तर 200 इडल्या, म्हणजे चार किलो. वाटल्यावर याचे सुमारे 10 लिटर पीठ होते. आंबताना त्यातले जिवाणू कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात, उडदाचा चिकटपणा तो धरून ठेवतो आणि पीठ जवळजवळ दुप्पट होते. म्हणून भांडे अर्धेच भरायचे. 10 लिटर पिठाला 20 लिटरची जागा हवी.

पण ही जागा एकाच भांड्यात नको. मिक्सरमध्ये वाटलेले पीठ कोमट झालेले असते. मोठ्या डब्यात मधली ऊब रात्रभर निघत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात पीठ पहाटेपूर्वीच आंबून जाते. असा डबा फ्रीजमध्ये ठेवला तरी आतपर्यंत गार व्हायला कित्येक तास लागतात. थंडीत नेमके उलटे! गार पाण्यात वाटलेला एवढा ऐवज सकाळपर्यंत उबेला येतच नाही. त्यापेक्षा 10-10 लिटरचे दोन टोप घ्यावेत. एक आधी फुगला तर तो फ्रीजमध्ये जातो, आणि एक बिघडलाच तरी अर्धे पाहुणे तरी जेवतात.

टोप स्टीलचाच उत्तम. मोठी अ‍ॅल्युमिनियमची पातेली भाड्याने सहज मिळतात, पण आंबट पीठ त्यात रात्रभर ठेवू नये. आंबटपणा धातूला खातो. पितळेचे पातेले कल्हई शाबूत असेल तरच वापरावे. कल्हई उडालेल्या जागी तांबे पिठात उतरते, आणि मळमळ-उलट्यांनी समारंभाचा विचका होतो. चिनी मातीची बरणी लोणच्याला छान, इथे तिच्या अरुंद तोंडात डावही नीट फिरत नाही.

काही घरांत रंगाची रिकामी बादली धुऊन वापरतात. हे मात्र अजिबात करू नका. ती खाद्यपदार्थांसाठी बनवलेली नसते, कितीही घासा. खाद्यपदार्थांसाठीचे प्लॅस्टिक चालते, पण त्यावर ओरखडे नसावेत. ओरखड्यांत जुना आंबटपणा दडून बसतो.

झाकण म्हणून नुसती ताटली ठेवावी, वायूला वाट मिळते. परदेशांत हौसेने घरी बीअर बनवणारेही याच कारणासाठी पिंपाच्या झाकणाला वायू बाहेर सोडणारी छोटी नळी लावतात आणि वर फेसाला जागा राखतात. आपल्याला नळी नको, ताटली पुरे. टोपाखाली परात ठेवली की ओटाही वाचतो.

सकाळी फुगलेले पीठ घुसळू नका, हवा निघून जाते. मीठ आधीच घातलेले असेल तर वरवरून डावाने घेत साचे भरा. एक टोप संपेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. आणि रिकामा टोप लगेच पाण्यात भिजत घाला. वाळलेले उडदाचे पीठ डिंकासारखे चिकटते, मग भांडी घासणाऱ्या बाईंची बोलणी खावी लागतात.