सासवडचं अंजीर आणि आपलं चिन्नोर



बरेच सभासद विचारतात, "धुऱ्यावर अंजीर लावलं तर जमेल का?" म्हणून आज थोडं सविस्तर.

पुणे जिल्ह्यात कऱ्हा नदीकाठी सासवड आहे, पुरंदर तालुक्याचं ठिकाण. संत सोपानकाकांची समाधी तिथलीच. आजूबाजूच्या गावांत अंजीर आणि सीताफळाच्या बागा. पाऊस कमी, हवा कोरडी, जमीन निचऱ्याची. खट्टा बहार हिवाळ्यात निघतो, मीठा बहार उन्हाळ्यात.

आपल्याकडे पाऊस त्याच्या दुपटीहून जास्त. बांधीत पाणी साचलं की अंजिराची मुळं कुजतात, दमट हवेत पानावर तांबेरा येतो. रोपं विकणारा काहीही सांगो, धानाच्या बांधीत अंजीर नको. विहिरीजवळ उंच जागा असेल तर घरच्यासाठी दोन झाडं लावा, बस.

मग सासवडचं एवढं का सांगतो? तर त्यांच्या विक्रीसाठी. पिकलेलं अंजीर तोडल्यावर दोन दिवसही धड टिकत नाही. व्यापाऱ्याला हे माहीत असतं, त्यामुळे भाव तोच ठरवतो. २०१६ मध्ये पुरंदर अंजिराला जीआय मिळालं. २०२२ मध्ये ताजं अंजीर जर्मनीला गेलं. पण ताज्या फळाला थंड साखळी लागते, खर्च मोठा. पुढे पुरंदर हायलँड्स या शेतकरी उत्पादक कंपनीने, म्हणजे आपल्यासारख्याच कंपनीने, अंजिराचा तयार रस काढला. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पहिली खेप पोलंडला रवाना झाली. रसाला लहान किंवा साल खरचटलेलं फळही चालतं, आणि बाटली दोन दिवसात खराब होत नाही.

आता आपलं बघा. भंडारा चिन्नोरलाही जीआय आहे. वास घरभर सुटतो, पण मळणीत दुसऱ्या धानात मिसळलं की व्यापारी साध्या धानाचाच भाव लावतो. जीआयचं नाव पिशवीवर छापायचं तर कायद्याने "अधिकृत वापरकर्ता" म्हणून नोंदणी लागते. ती आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो.

चिन्नोर लावणाऱ्यांनी नाव, गाव आणि क्षेत्र याच नंबरवर पाठवा. कापणीला चिन्नोरचं पुंजणं वेगळं लावा, मळणीआधी मशीन झाडून घ्या, आणि पोत्यावर मार्करने "चिन्नोर" लिहा.